डावी पाकळी

आमच्या ह्यांचा उजवा अंगठा चार वर्षं मेलेला होता आणि ते गावात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरी मी. तिसरा देव, असं ते म्हणायचे. देवाचं देव बघेल, मी माझं सांगते.

हे म्हणजे भिकाजी गुरव. मालवणपासून दोन कोसांवर, समुद्राला लागून आमचा गाव, आणि गावच्या देवळाची पूजा आमच्या घराकडे. माझं माहेर फोंडाघाटचं, म्हणून माझं बोलणं हे असं, ना धड घाटावरचं, ना धड मालवणी. सासूबाई मरेपर्यंत मला 'घाटीण' म्हणायच्या. हे कधी म्हणाले नाहीत. ह्यांचा स्वभावच भिडस्त. रस्त्यात कुणी हाक मारली तर आपलंच काहीतरी चुकलं असं समजून हा माणूस थांबायचा. फुलं काढताना जास्वंदीला "घेतंय हां" म्हणून सांगायचा. मी म्हणायची, अहो, झाड काय पोलिसात जाणार आहे? तर हसायचे नुसते. पण देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की आवाज असा लागायचा, की खाली किनाऱ्यावर होड्या ओढणारे हात जोडायचे.

आणि कौल. गावाचं पान कौलाशिवाय हलत नाही. विहीर कुठे खणायची, होडी कधी लोटायची, पोरगी कुठे द्यायची, सगळं आधी देवाला विचारायचं. आमच्या देवळातली रीत अशी, की गुरवाने दोन ओल्या पाकळ्या दोन हातांत घ्यायच्या आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी दाबून चिकटवायच्या. एक आधी, एक मागून असं चालत नाही, देवाशी पक्षपात होतो. मग हात जोडून बघत राहायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. आता देव आपल्याकडे तोंड करून उभा, त्यामुळे त्याचा डावा खांदा येतो तो गुरवाच्या उजव्या हाताखाली. एवढं लक्षात ठेवा. आम्ही अख्ख्या गावाने ते लक्षात घेतलं नाही.

पंचावन्न साली ह्यांचा हात झिणझिणायला लागला. पहाटे उठून हात झटकत बसायचे. मग हातातून पळी पडायला लागली. सदऱ्याचं बटण लावता येईना, मला हाक मारायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला तळव्याच्या वर थोडी फुगीर गाठ आली होती, दाबली तर मऊ, दुखायची नाही. मी खोबरेल चोळलं, एरंडाचं पान बांधलं. एके दिवशी घरच्या देवापुढे निरांजन लावत होते आणि मला चुलीपाशी चामडं करपल्याचा वास आला. बघते तर ह्यांचा अंगठा वातीवर आणि हे शांतपणे मंत्र म्हणतायत! मी हात खेचला. फोड आला होता, पण ह्यांना पत्ता नाही.

दोघेही त्या फोडाकडे बघत बसलो. दोघांच्याही मनात एकच शब्द. शेवटी तेच म्हणाले, "गो, ही रगतपिती तर नसात?"

रगतपिती म्हणजे महारोग. आमच्या गावात एका सुताराला तो झाला होता. त्याला वाळूत झोपडी घालून दिली होती आणि घरची माणसं केळीच्या पानावर भात ठेवून लांबूनच हाक मारायची. त्यालाही आधी चटका कळायचा बंद झाला होता. सुताराचं हे, मग देवाला हात लावणाऱ्या गुरवाचं काय होणार? पूजा जाणार, घर जाणार, आणि मला कोण पाणी भरू देणार विहिरीवर? 

हे म्हणाले, "मालवणात डॉक्टरांका दाखवूया."

मी म्हटलं, "खबरदार! मालवणच्या दवाखान्यात सकाळी दाखवलं तर दुपारी मासळीबाजारात चर्चा. माझ्या गळ्याची आण आहे तुम्हाला, कुणाकडे ब्र काढायचा नाही."

गळ्याला हात लावून आण घेतली मी. मोठी शहाणी!

त्यानंतर कौल डावे पडायला लागले. सगळे नाही, पण दहात आठ. गावात कुजबुज सुरू झाली की देव रुसला. मानकरी काशीराम, गावात त्यांचा शब्द चालायचा, त्यांनी कोंबडे दिले, देवळाला नवा घुमट बांधायचं बोलले, त्यालाही कौल डावा. लोक एकमेकांची पापं शोधायला लागले. विहिरीवर बायका म्हणायच्या, कोणीतरी देवाचा मोठा पाप केलेला आसा. मी घागर भरून मान खाली घालून यायची. मला तेव्हा वाटायचं, आपण विटाळ लपवलाय म्हणूनच देव कोपलाय. पाकळी का पडते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाकळी देव पाडतो, त्यात विचार कसला करायचा?

आता शेवंतीचं.

हिरा म्हणून मासळी विकणारी, तिची ही एकुलती एक पोर. बाप दर्यात गेला, तो परत आला नाही. मायलेकी टोपल्या घेऊन दारोदार फिरायच्या. शेवंती काळीसावळी, तोंडाची फटकळ. माझ्या दारात बसून "काकी, बांगडो बघा, अजून डोळो मारता" म्हणायची. पूजेचे दिवस धरून आम्हाला कधी मासळी चालते, कधी नाही, हे तिला आमच्यापेक्षा पाठ. मला मूल नाही. ती पायरीवर टेकली की मला बरं वाटायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तिचं लवूच्या सत्यवानाशी जमलं होतं. लवू आमच्या गावातला मोठा रापणकर, किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी त्याची, वीस माणसं हाताखाली. पोरगा मुंबईला बोटीवर लागलेला. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, दोन्ही घरांना ठाऊक, कुणाचं काही म्हणणं नाही. फक्त देवाला विचारायचं बाकी. सत्तावन्न सालचा चैत्र होता.

त्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून आले आणि ओटीवर बसून राहिले. म्हणाले, "आज अंगठो पुरो मेलो आसा. पाकळी धरलंय काय नाय, ताच कळणा नाय. आज कौल खालच्या घरातल्या भाईन लावूंदे."

भाई म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. पूजेच्या मानावरून आमची त्या घराशी धुसफूस होतीच.

मी म्हटलं, "आणि विचारलं का, तर काय सांगणार? एकदा भाईचा हात लागला की मान परत येतो होय? काही नको. त्याच हाताने लावा. पोरीचं लग्न तर आहे, देव कशाला नाही म्हणेल?"

हे शब्द माझे. मी आज सांगतेय, अजून कुणाला सांगितलेले नाहीत.

कौल डावा पडला. दुसऱ्यांदा लावला, डावा. तिसऱ्यांदा तर ह्यांनी हात काढला न काढला तोच पाकळी खाली.  लवूने टोपी घातली आणि निघून गेला. हिरा मटकन खाली बसली. शेवंती खांबाला टेकून उभी होती. ती रडली नाही. तिने देवाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "काकानू, परत एकदा लावा." काशीराम ओरडले, "तीनदा नाय म्हटल्यान तेनी! देवाची थट्टा करतंस?"

सत्यवानाचं लग्न त्याच वैशाखात देवगडकडच्या पोरीशी झालं. शेवंतीला नाव पडलं 'डावी'. कुणी पहिल्यांदा म्हटलं देव जाणे, पण वर्षभरात सगळा गाव म्हणायला लागला. डावीकडे सरंगो आसा काय? डावी इली नाय आज? देवाने स्वतः नाकारलेली पोर कोण करणार? आलेली दोन स्थळं नाव ऐकून माघारी गेली. ती आमच्या पायरीवर येत राहिली, पण मासळीची तारीफ करायची बंद झाली. टोपली उतरायची, मी घेईन ते द्यायची आणि जायची.

एकोणसाठ साली माझा भाऊ धोंडू फोंडाघाटाहून आला. त्याचं तिथे एस.टी.च्या थांब्याशी चहाचं दुकान. ह्यांनी त्याच्यासमोर कप उचलला आणि कप निसटला. धोंड्याने हात धरून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी जे मांस असतं ना, गादीसारखं, ते पार वाळून खड्डा पडला होता. म्हणाला, "ताई, तू आंधळी आहेस का गं? उद्याच्या गाडीने माझ्याबरोबर चला." मी आणेचं काढलं, तर असा खवळला की त्याने भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोचीसुद्धा भीड ठेवली नाही.

घाट चढून कोल्हापूरला गेलो. डॉक्टर तरुण, चष्मेवाले, भराभर बोलणारे. ह्यांना डोळे मिटायला सांगितले आणि टाचणीने एकेक बोट टोचत गेले. अंगठ्याला काही नाही. त्याच्या शेजारच्या दोन बोटांना काही नाही. करंगळीला टोचलं तसे हे "अगाई!" म्हणून उडाले. मग अंगावर कुठे चट्टे आहेत का बघितलं, कोपराच्या मागे दाबून बघितलं, आणि मनगटावरच्या त्या गाठीवर बोटाने टिचकी मारली. ह्यांच्या बोटांच्या टोकांपर्यंत झिणकी गेली.

मी पदर तोंडात धरून विचारलं, "डॉक्टर, महारोग आहे का?"

"महारोग?" ते हसले. "अहो बाई, चरबी आहे. चरबीच्या गाठी. कुणाला पाठीवर होतात, कुणाला मानेवर, कुणाचं काही बिघडत नाही. ह्यांना नेमक्या मनगटात झाल्या. इथून बोटांकडे एक नस जाते, अगदी अरुंद जागेतून. त्या गाठी तिच्यावर बसल्या. काढून टाकू. पण चार वर्षं काय करत होता तुम्ही?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

हाताला इंजेक्शन देऊन गाठी काढल्या. मला बशीत दाखवल्या. दोन होत्या, चिंचोक्यापेक्षा थोड्या मोठ्या, लोण्याच्या रंगाच्या. एवढ्यासाठी? मला रडू येईना आणि हसू येईना. त्यातली एक मी बोटाने हलवून बघितली, तर नर्स ओरडली.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले आणि ह्यांना म्हणाले, "दोन्ही अंगठे माझ्या तळव्यांवर दाबा. एकदम. जोर लावा." ह्यांनी दाबले. "हं, डावा छान. उजव्याचा दाब मला जाणवतसुद्धा नाही. सहा-आठ महिने लागतील, पण येईल जोर."

परतीच्या एस.टी.त हे आपल्याच दोन अंगठ्यांकडे बघत होते. धोंडूच्या दुकानात चहा आला तरी बघतच होते. चहावर साय आली. मग एकदम माझे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि त्यांवर आपले अंगठे दाबले, डॉक्टरांनी करायला लावलं होतं तसे. माझ्या डाव्या हातावर तो मेलेला अंगठा टेकला. माशी बसल्याएवढाही भार नव्हता.

"तू देव," ते म्हणाले. "आणि मी गुरव. खंयची पाकळी आधी पडात?"

मला समजायला वेळ लागला नाही. एकेक आठवत गेलं. विहीर, घुमट, काशीरामचे कोंबडे, आणि खांबाला टेकून उभी राहिलेली पोर. मला एवढी लाज वाटली की चहाच्या दुकानातली माणसं आपल्याकडेच बघतायत असं वाटून मी पदर पुढे ओढला. आणि तरी, तरीसुद्धा मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, "आता गप्प राहा. झालं ते झालं. सत्यवानाला दोन पोरं झाली. आता सांगून कुणाचं भलं होणार?"

ते गप्प राहिले. सव्वा वर्ष.

अंगठा हळूहळू जागा झाला. आधी मुंग्या आल्या, मग आग झाली, मग एक दिवस जास्वंद काढताना म्हणाले, "देठ ओलो लागता गो." माणूस रडला झाडापाशी उभा राहून. तोवर ते कौल लावायचं टाळत होते, हाताचे टाके दुखतात म्हणून भाईला पुढे करत होते. मग पुन्हा लावायला लागले. कौल उजवे यायला लागले, डावेही यायचे, देवाच्या मनात येईल तसे. गावाने आनंद केला. कोंबडे पावले, देवाचा राग गेला! काशीरामनी जेवण घातलं. हे त्या पंगतीत बसले होते आणि पानावरचा भात नुसता चिवडत होते.

साठ सालच्या मार्गशीर्षात हिरा घरी आली. शेवंतीला स्थळ आलं होतं. वेंगुर्ल्याकडचा बिजवर, पन्नाशीचा, घरात तिच्याएवढ्या मुली, संध्याकाळी ताडीशिवाय चालत नाही असा. हिरा म्हणाली, "डावीक आणि काय राजपुत्र गावतलो? आता देव निवळलो आसा. ह्यावेळी हो म्हणात. सोमवारी कौल लावा, भिकाजीनू."

ती गेल्यावर हे म्हणाले, "आता देवान उजवो दिल्यान, तर पोर त्या म्हाताऱ्याच्या घरात जातली. आणि तेच्यावर ही पाळी इली ती माझ्या अंगठ्यापायी."

"डावा लावा मग," मी म्हटलं. "तुम्हाला येतं आता. जरा हलका ठेवा उजवा अंगठा."

माझ्याकडे असं बघितलं त्यांनी! आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने मला झिडकारलं, तेही नुसतं बघून. मी चुलीकडे तोंड केलं.

सोमवारी देऊळ भरलं होतं. हिरा, काशीराम, लवू, ताडीचा वास मारणारा तो नवरदेव. शेवंती त्याच खांबाला टेकलेली. मी बायकांच्या मागे उभी. ह्यांनी पाकळ्या तीर्थात भिजवल्या आणि तशाच तबकात ठेवल्या. हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे गुरव एकेक मागणं म्हणतो आणि लोक प्रत्येक मागण्याला एकसुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जन्मापासूनची सवय, तोंडातून आपोआप येतं.

"बा म्हाराजा! आज तुझ्या पायाशी तुझी लेकरां जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"चार वर्सां तुझ्या डाव्या खांद्यावरची पाकळी पडली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती तू पाडलंस नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भिकाजीच्या हातात रोग होतो, अंगठो मेलेलो होतो, तेना ती पाडली. भिकाजीन ता लपवल्यान. हिराच्या शेवंतीक तू कधीच नाय म्हटलंस नाय म्हाराजा! नाय म्हटलंय मी!"

"व्हय म्हा..." आणि आवाज तुटला. मागच्या दोन म्हाताऱ्यांनी पूर्ण म्हटलं, मग त्याही गप्प झाल्या.

मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. काशीराम पुढे झाले, दात आवळून म्हणाले, "तोंड आवर भिकाजी! असा म्हटलंस तर चार वर्सांचे सगळे कौल खोटे. गावान करूचा काय?" त्यांना शेवंतीची नाही, कौलांची काळजी. लवू तर खाली बघत होता. हे तसेच उभे. म्हणाले, "मी एकट्यान लपवलंय. दुसऱ्या कोणाक ठावक नव्हता."

एकट्याने! मी तिथेच होते. बायकांच्या मागे, माझ्या पायांवर उभी. तोंड उघडायला काय लागणार होतं? मी पदर सावरला.

शेवंती गर्दीतून पुढे आली. ह्यांना वाटलं ती मारणार. त्यांनी मानही वाकवली. तिने त्यांचा उजवा हात धरला, आणि अंगठ्याच्या पेरात आपलं नख रोवलं. मासळी साफ करणाऱ्या बाईचं नख ते. रक्ताचा थेंब आला तरी सोडलं नाही.

"लागला, काकानू?"

"लागला गो, बाये." ह्यांच्या डोळ्यांतून पाणी.

"बरा झाला," ती म्हणाली. "आता तुमका कळात."

मग आईकडे वळून म्हणाली, "ह्या म्हाताऱ्याक घराक धाड. माका कौल नको आणि घोव पण नको." आणि टोपली उचलून बाजाराला गेली.

कौलाचा मान भाईच्या घराकडे गेला. हे आता देऊळ झाडतात, दिवा लावतात. शेवंती अजून टोपली घेऊन फिरते, एकटीच, हिरा गेली गेल्या वर्षी. 'डावी' हे नाव काही सुटलं नाही, गाव नाव देतो ते परत घेत नाही. पण आमच्या दारात ती येते. हे पायरीवर बसलेले असले तर "काकानू, अंगठो बरो मा?" म्हणून विचारते. ह्यांना मोठा बांगडा काढून देते. मलाही देते. माझ्याशी तर जास्तच गोड बोलते, म्हणते, "काकी, तुमका बिचाऱ्यांक काय ठावक होता!"

मी टोपलीत बघते आणि म्हणते, "हा दे. हा ताजा दिसतोय."